वेशीपर्यंत पोचवायला

११ सप्टेंबर, वूवेई

सकाळी केस कापून घेतले. न्हावी म्हणाला, "लिन मास्तर, लग्न कुणाचं?" म्हटलं, कुणाचं नाही, वाळवंटात चाललोय. "मग वाळूला दाखवायला थोडा कलपही लावून देऊ का?" या गावातल्या निम्म्या माणसांना भाषा मीच शिकवली. उपरोध इतका नीट शिकवायला नको होता.

उद्या निघायचं. एकट्यानं. पश्चिमेला, जुन्या वेशींपर्यंत. जन्मभर मी मुलांना सरहद्दीवरच्या कविता शिकवल्या. वाळूवर पडलेलं चांदणं, पडक्या बुरुजावर बासरी वाजवणारा शिपाई, वेशीबाहेर निघालेल्या मित्राच्या हाती दिलेला शेवटचा पेला. शिकवताना माझा गळा भरून यायचा आणि मागच्या बाकांवरची मुलं झोपायची. पण त्या वेशी मी स्वतः कधी पाहिल्या नाहीत. सुट्टी लागली की कधी पेपर तपासायचे असत, कधी बायकोला बरं नसे. ती जाऊनही आता सहा वर्षं होतील. आता ना पेपर, ना औषधाच्या वेळा. निघायला हरकत नाही.

दुपारी लान्जोहून श्याओलानचा फोन. "बाबा, ही शेवटची फेरी हं. ऑक्टोबरात तुम्ही इकडे यायचं आणि गाडी विकायची. कबूल केलंय तुम्ही."

कबूल केलंय खरं. मुलीच्या घरी, चोविसाव्या मजल्यावर, पूर्वेकडची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली आहे. पडदे कसल्या रंगाचे हवेत, विचारत होती. मी म्हटलं, संधिप्रकाशातल्या वाळूसारखे.

"बाबा, कवितेतला नको. दुकानातला रंग सांगा."

दुनह्वांगच्या पलीकडे नानहू गावात यिन बाई राहतात. आमच्या शाळेत भूमिती शिकवायच्या. स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल माझ्या टेबलासमोर. नवरा लवकर गेला, मुलं झाली नाहीत, निवृत्तीनंतर माहेरच्या द्राक्षबागेत जाऊन राहिल्या. त्यांच्याकडे जायचा माझा काहीएक बेत नाही. रस्ताच तिकडून जातो. गाडीत वूवेईच्या धुरी दिलेल्या आंबट शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, दोन बाटल्या ठेवल्या आहेत. तिकडे हा शिरका मिळत नाही असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. पण त्याचा इथे संबंध नाही. लांबच्या प्रवासात शिरका जवळ असलेला बरा.

१३ सप्टेंबर, जांगये

आज घळई पाहिली. वरून बघितलं तर जमीन उकलून कुणी आत तांबड्या-केशरी शालींचे गठ्ठे रचून ठेवलेत असं वाटतं. जिने उतरून तळाशी गेलो. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि वर आभाळाची एक चिंधी. इतकी शांतता की स्वतःच्या गुडघ्यांचा आवाज ऐकू येत होता. म्हटलं, हाच क्षण. डोळे मिटले, हात मागे बांधले आणि सातवीच्या पुस्तकातली माझी लाडकी कविता मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली.

दुसऱ्या ओळीला कड्यातून उत्तर आलं, "अहो काका, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय!"

रंगीबेरंगी रेशमी ओढण्या उडवत सातआठ बायका. माझ्याच वयाच्या, पण उत्साह नातवंडांचा. पुढचा तासभर मी त्यांचा छायाचित्रकार. ओढणी वर फेकायची, ती वाऱ्यावर असताना बटण दाबायचं. जमेना. कधी नुसती ओढणी यायची, कधी नुसत्या हनुवट्या.

"काका, एकटेच फिरताय?" त्यांची म्होरकी म्हणाली. जांभळी ओढणी, काळा चष्मा.

"एकटाच. एकांतासाठी."

"ऐकलंत का गं? एकांतासाठी! आणि कडक इस्त्रीचा शर्ट, ताजे कापलेले केस, हे सगळं एकांतासाठी?"

"आमचे हे पण एकदा असेच एकांताला गेले होते," दुसरी म्हणाली. "येताना सासूबाईंना घेऊन आले."

मी त्यांना सांगितलं की नीटनेटकं राहणं ही शिक्षकाची सवय असते. "हो, हो," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. कड्यांनीही तेच म्हटलं.

१४ सप्टेंबर

शिरक्याची एक बाटली गळते आहे. गाडीला नूडल्सच्या दुकानाचा वास येतो. दुपारी चार ओळी रचायला बसलो. पहिल्या दोन ओळींत वारा आणि उंट छान आले. तिसरीत शिरका आला. वही मिटली.

१६ सप्टेंबर, ग्वाजो

स्वोयांगचा पडका कोट. मातीच्या भिंती वितळून वितळून पाठ मोडलेल्या जनावरांसारख्या बसल्या आहेत. आत गल्ल्या नाहीत, दारं नाहीत, वाऱ्यानं घासलेली नुसती उंचसखल माती आणि झाऊची झुडपं. मी एका बुरुजाच्या पायथ्याशी बराच वेळ बसलो. इथे कुणी शिपाई पहाऱ्याला असेल, घराकडून येणाऱ्या निरोपाची वाट बघत. निरोप आलाही असेल, तो बदलून दुसऱ्या चौकीवर गेल्यानंतर. असे विचार मला सुखावतात. श्याओलान याला आजार म्हणते.

परतताना मावळतीचं ऊन भिंतींवर नीट बघता यावं म्हणून गाडी रस्ता सोडून जराशी आत घातली. चाकं वाळूत बसली. जोर दिला, आणखी बसली. फोन करावा तर श्याओलानला कळेल, आणि गाडी ऑक्टोबरऐवजी उद्याच विकली जाईल. मी वाळूकडे बघत उभा राहिलो. वाळूही माझ्याकडे बघत होती.

शेवटी खरबुजांचा एक ट्रक थांबला. चालक मा आडनावाचा, डोक्यावर पांढरी टोपी, दाढी मेंदीसारखी तांबूस.

"आजोबा, गाडी पेरलीत का? उगवायला पाऊस लागतो."

"ऊन बघत होतो."

"ऊन रस्त्यावरनं दिसत नाही?" त्यानं दोरखंड बांधला, दार उघडून आत डोकावला आणि नाक मुरडलं. "हे काय, शिरका? वाळवंटात लोक पाणी घेऊन येतात."

"एका सहकाऱ्यासाठी आहे. नानहूला. वाटेतच आहे म्हणून."

"सहकारी. बाई की बुवा?"

"भूमितीच्या शिक्षिका."

"अस्सं. भूमितीच्या." त्यानं दोरखंडाची गाठ पुन्हा एकदा तपासली, पण हसू काही लपलं नाही. गाडी निघाल्यावर त्यानं दोन खरबुजं माझ्या मांडीवर ठेवली. मी नको म्हटलं, तो घ्या म्हणाला. मी पुन्हा नको म्हटलं, त्यानं पुन्हा घ्या म्हटलं. तिसऱ्यांदा मी घेतली. रीत म्हणजे रीत. "भूमितीला एक द्या," तो म्हणाला, "आणि उगाच सरळ रेषेत बोलत बसू नका आजोबा, वय झालं तुमचं."

माणूस चांगला आहे, पण त्याचा गैरसमज झालेला दिसतो.

१७ सप्टेंबर, नानहू

अर्धा तास थांबायचं ठरवलं होतं. आज मुक्काम इथेच, शेजारच्या पाहुणघरात.

यिन बाई शिडीवर उभ्या राहून घड कापत होत्या. डोक्याला फडकं, हातात कात्री. वळून पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मास्तर, गाडी तिरकी लावलीत."

किती वर्षांनी भेटलो! निदान 'वाळवंटानं आज काय आणून टाकलं' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी गुपचूप गाडी सरळ केली.

त्यांनी नूडल्स केल्या. कणीक तिंबण्यापासून सगळं हातानं. मी शिरका पुढे केला. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"अर्धी कुठं गेली?"

"प्यायलो नाही, बाई. सांडली."

त्यांनी बूच काढलं, वास घेतला. मग वाडग्यात इतका ओतला की नूडल्स काळ्या झाल्या. दोन वाडगे खाल्ले. त्यांना इतकं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत डब्यातलं निम्मं चिमण्यांना घालायच्या.

वेलींच्या मांडवाखाली बसलो. आमच्या मुख्याध्यापकांची टिंगल झाली, माझ्या कवितावाचनाची झाली, आणि मग बोलता बोलता मी ऑक्टोबरचं सांगितलं.

"चोविसावा मजला?" त्या म्हणाल्या. "तिथनं काय दिसतं?"

"पिवळी नदी दिसते म्हणे. दोन इमारतींच्या मधून."

"दोन इमारतींच्या मधून. आणि वारा ऐकू येतो का?"

"काचा दुहेरी आहेत."

"म्हणजे नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला जायचंय का पण?"

मी म्हटलं, मुलगी इतकी प्रेमानं बोलावते, सगळी तयारी झाली आहे, म्हातारपणी माणसानं अडून बसू नये. बरंच बोललो. त्या म्हणाल्या, "मी एवढंसंच विचारलं होतं," आणि उठून वाडगे धुवायला गेल्या. मघाशी धुतलेलेच वाडगे पुन्हा धुतले. नानहूला पाण्याची चैन दिसते. झऱ्याचं गाव आहे.

१८ सप्टेंबर, यूमनच्या वाटेवर

आज एक चमत्कारिक दिवस गेला. सविस्तर लिहितो, म्हणजे मलाच उलगडा होईल.

सकाळी निघालो. यिन बाई पोचवायला आल्या. रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यानं म्हणायचं, "आता मागे फिरा." यजमानानं म्हणायचं, "दोन पावलं अजून." दारापर्यंत आलं तर ओळख, गल्लीच्या तोंडापर्यंत आलं तर स्नेह. निरोपाच्या कविता शिकवताना हे मी फळ्यावर लिहीत असे. त्यापुढच्या अंतराला काय म्हणतात ते पाठ्यपुस्तकात नव्हतं.

दारात मी म्हटलं, "बाई, मागे फिरा." त्या म्हणाल्या, "गल्लीपर्यंत येते." गल्लीच्या तोंडाशी म्हटलं, "फार झालं, फिरा आता." त्या म्हणाल्या, "वळण तुम्हाला सापडायचं नाही," आणि गाडीचं दार उघडून शेजारी बसल्या. वळणाला एवढी मोठी पाटी आहे की चंद्रावरून वाचता यावी. पण म्हटलं, गावच्या माणसाचा मान राखावा.

असे आम्ही यांगक्वानच्या जुन्या वेशीवर पोचलो. वेस कसली, तांबड्या टेकाडावर इशाऱ्याच्या जाळाचा एक बुरूज उरलाय, तोही पावसाळी ढेकळासारखा. समोर उताणं पडलेलं वाळवंट. शेवटच्या पेल्याच्या कवितेतली हीच ती जागा, जिच्यासाठी मी जन्मभर वर्गात रडलो. इथे एकट्यानं उभं राहून कविता म्हणायची असं ठरवून आलो होतो. पण बाई बुरुजाच्या सावलीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या.

"म्हणा की, मास्तर. मी ऐकत नाही असं समजा."

म्हटली. शेवटच्या ओळीला नेहमीसारखा अडखळलो. मागे बिया फोडायचा आवाज कधीच थांबला होता.

"वर्गातही इथंच अडखळायचात," त्या म्हणाल्या. "भिंतीपलीकडे माझा वर्ग. सगळं ऐकू यायचं. मुलं त्रिकोण काढायची थांबायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मीही थांबायची."

वर्गाची शिस्त बिघडवल्याबद्दल मी त्यांची मनापासून क्षमा मागितली. त्या कपाळाला हात लावून खूप वेळ हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं?

फाट्यावर गाडी थांबवून मी तिसऱ्यांदा म्हटलं, "बाई, आता खरंच मागे फिरा. इथून गावाकडे जाणारी एखादी गाडी मिळेल." त्या म्हणाल्या, "पुढं पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही. यूमनपर्यंत येते पोचवायला." त्यांच्या पिशवीत स्वेटर आहे, थर्मास आहे, टूथब्रश आहे आणि दोन-तीन दिवस पुरतील इतक्या भाजलेल्या रोट्या. गल्लीपर्यंत पोचवायला निघालेल्या माणसाजवळ हे सगळं कसं? वाळवंटातली माणसं फार सावध असतात.

१९ सप्टेंबर, यादान

यूमनची वेस म्हणजे सपाट माळावर विसरून गेलेला मातीचा एक चौकोनी डबा. आत उभं राहिलं की आभाळाचा चौकोन दिसतो. मी म्हटलं, इथून किती काफिले गेले असतील. बाई म्हणाल्या, "भिंती आत कललेल्या आहेत, म्हणून टिकल्या." दोघांचंही खरं होतं.

तिथून यादानला आलो, जिथे वाऱ्यानं मातीची गलबतं, मोर, सिंह कोरून ठेवलेत. लोक याला भुतांचं शहर म्हणतात. बाईंना प्रत्येक भुताचा आकार ओळखायचा होता. मला एक चिलखत घातलेला सेनापती दिसला. त्यांना तो पोळपाट घेऊन निघालेला आचारी वाटला. वाद मिटला नाही. सबंध दुपारभर आम्ही नुसते भांडलो आणि दुपार कुठे गेली कळलं नाही. निवासात दोन खोल्या घेतल्या आहेत.

संध्याकाळी श्याओलानचा फोन.

"बाबा, मागे कोण हसतंय?"

"रस्ता दाखवायला आल्यात."

"बाबा. रस्ता एकच आहे तिकडे. कोण आहे?"

"आपल्या यिन बाई. नानहूच्या. पोचवायला आल्यात."

"कुठून कुठपर्यंत?" मग जरा थांबून, "द्या त्यांना फोन."

बाई फोन घेऊन बाहेर गेल्या. मातीच्या गलबतांपाशी येरझाऱ्या घालत बऱ्याच बोलल्या. फोन परत आला तेव्हा श्याओलान म्हणाली, "बाबा, ऑक्टोबरची काही घाई नाही बरं का." आवाज घोगरा वाटला. सर्दी झाली असावी. गरम पाणी पी म्हटलं.

जेवताना बाई म्हणाल्या, "उद्या मात्र मी परतते. दुपारी पर्यटकांची बस सुटते. तुमचा एकट्याचा प्रवास मी फारच दुकटा केला."

त्या थांबल्या. काहीतरी ऐकायचं असल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "छे, छे, माझ्यामुळे तुम्हाला केवढा त्रास झाला. द्राक्षं खोळंबली. तुम्ही अवश्य परता."

"मास्तर, तुम्ही फारच सभ्य आहात."

मी आभार मानले. त्यांनी ताट तसंच सरकवलं आणि खोलीत गेल्या.

सभ्यच बोललो मी. रीतीप्रमाणे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग घास का उतरेना? समोर त्यांची खुर्ची जराशी तिरकी राहिली आहे. स्टाफरूममध्ये ती समोरची जागा रिकामी झाली तेव्हा मी जागा बदलून खिडकीपाशी बसायला गेलो होतो. मुख्याध्यापकांना उजेडाचं कारण सांगितलं होतं. उजेड तिथे कमीच होता.

लान्जोला समोर कोण बसेल?

२१ सप्टेंबर, नानहू

काल लिहायला सवड झाली नाही.

बस दुपारी लागली. झेंडा घेतलेली मार्गदर्शक पोरगी लोकांना हाका मारत होती. मी बाईंची पिशवी घेऊन वाहनतळापर्यंत गेलो. आता पाहुण्या त्या आणि पोचवणारा मी. त्या म्हणाल्या, "मागे फिरा, मास्तर."

"दोन पावलं अजून."

बसच्या दारापाशी त्या पुन्हा म्हणाल्या, "फिरा आता. ऊन आहे." माझ्याकडे न बघता म्हणाल्या. डोळ्यांत वाळू गेली असावी असं मी म्हणणार होतो, पण वारा नव्हता. जन्मात पहिल्यांदा मला वाटतं मी नीट पाहिलं.

पिशवी दिली. त्या आत चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि काच सरकवून तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मास्तर, मागे फिरा." मी रीतीप्रमाणे म्हटलं, "दोन पावलं अजून." पण आता पुढची दोन पावलं पायरीवरच होती. मी ती टाकली.

दार मागे बंद झालं. "आजोबा, तुम्ही कुठल्या गटातले?" पोरगी म्हणाली.

"आमच्यातले," खिडकीपासून बाई म्हणाल्या आणि शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

बस निघाली तेव्हा वाहनतळावर उभी असलेली माझी गाडी मला दिसली. किल्ली खिशात होती. ती मी खिशातच राहू दिली. यूमनचा तो चौकोन डाव्या हाताला आला आणि गेला. मनात इतक्या ओळी होत्या, सगळ्या सुंदर, सगळ्या दुसऱ्यांच्या. शेवटी तोंडातून आलं ते एवढंच,

"मला लान्जोला जायचं नाही."

"मग कुठं जायचंय?"

"इथं राहायचंय. तुमच्या गावात." पुढच्या बाकावरच्या जोडप्यानं बिया खायच्या थांबवल्या. "म्हणजे, तुमच्याकडे. तुमची हरकत नसेल तर. असली तर मी पुढच्या थांब्यावर..."

"आता हरकतीचं विचारू नका, बोललात ते सगळं पुसलं जाईल." त्यांनी खिडकीबाहेर बघत बघत पिशवीचे बंद तीनदा बांधले, तीनदा सोडले. "घड वाळवायला टांगायचेत. शिडीवर चढता येतं का?"

"येतं."

"खोटं."

"खाली उभं राहून शिडी धरता येते."

"ते चालेल," यिन बाई म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, हळू, "फार उशीर केलात हो."

आज सकाळी श्याओलानला फोन केला. घसा साफ करून सुरुवात केली, "माणसाच्या आयुष्याच्या संध्याकाळी..." ती म्हणाली, "बाबा, यिन मावशींनी मला परवाच विचारलंय. तुम्हालाच कळायचं राहिलं होतं." आणि रडली. मग मीही. मग ती म्हणाली, गाडी कुठे आहे?

हे मात्र खरं. गाडी यादानला आहे. आजच जाऊन आणायला हवी. दुनह्वांगहून येणारी बस गावाबाहेरच्या फाट्यावर थांबते. अंगणातून हाक येते आहे, "मास्तर, आटपा! मी येते फाट्यापर्यंत पोचवायला."

मी इथूनच ओरडून विचारलं, "फाट्यापर्यंतच ना?"

उत्तर आलं नाही. फाटकाला बाहेरून कुलूप लावायचा आवाज येतो आहे, आणि मी अजून आतच आहे.